सही कोणाची, अधिकार कोणाचा?

पत्र : मी ४७ वर्षांची, एमडी मेडिसिन. इंदूरमधल्या एका ट्रस्टच्या १२० खाटांच्या रुग्णालयात १५ वर्षं फिजिशियन आहे. आमचे मेडिकल डायरेक्टर मार्चअखेर निवृत्त होताहेत आणि ट्रस्टींनी त्या जागेसाठी मला विचारलंय. अध्यक्ष माझ्या सासऱ्यांचे जुने स्नेही, घरात आम्ही त्यांना काकाच म्हणतो. ते म्हणाले, ‘तू फक्त हो म्हण, बाकीचं आम्ही बघतो.’ माझी ओपीडी रोज ४० पेशंटची आहे, ती सोडावी लागेल का? माझ्याहून दहा वर्षांनी सीनियर असलेले सर्जन माझं ऐकतील का? आणि हॉस्पिटल मॅनेजमेंटची पदवी नसताना हे काम जमेल का? – एक फिजिशियन, इंदूर

डॉक्टर, पद घ्या. पंधरा वर्षं एकाच वॉर्डात राउंड घेतलेल्या माणसाला रुग्णालयाची नस जितकी कळते, तितकी बाहेरून आणलेल्या माणसाला दोन वर्षांतही कळत नाही. पण ‘बाकीचं आम्ही बघतो’ या भरवशावर घेऊ नका. काका हे मायेनं म्हणाले असतील, यात शंका नाही. पण हे पद म्हणजे सहीचं पद. पैसा ट्रस्टचा, इमारत ट्रस्टची, आणि कागदांवर नाव मात्र तुमचं येणार. चौकशी आली की अधिकारी पहिल्यांदा विचारतात ते हेच, की सही कोणाची आहे.

म्हणून हो म्हणण्याआधी ऑफिसातून एक फाइल मागून घ्या. तिच्यात हे कागद हवेत : १९७३ च्या मध्य प्रदेशच्या उपचर्यागृह कायद्याखालची नोंदणी, नगर निगमची फायर एनओसी, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि जैववैद्यकीय कचऱ्याचं अधिकारपत्र, सोनोग्राफीची पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखालची) नोंदणी, एक्स-रे आणि सीटीचं एईआरबीचं (अणुऊर्जा नियामक मंडळाचं) लायसन्स, फार्मसीचं लायसन्स, रक्तसाठा केंद्र असेल तर त्याचं, लिफ्टचं, ऑक्सिजन टाकी असेल तर तिचं. प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहा : नाव कोणाचं, मुदत कधीपर्यंत, मूळ प्रत कुठे. ‘रिन्युअलला टाकलंय’ असं उत्तर आलं तर अर्जाची पोच बघितल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नका. जिथे मावळत्या डायरेक्टरांचं नाव आहे तिथे बदलाचा अर्ज मार्चमध्येच जायला हवा. एप्रिलमध्ये तपासणी झाली आणि जुनं नाव निघालं, तर तुम्ही आणि ते दोघंही अडचणीत.

यातली पीसीपीएनडीटीची नोंदवही स्वतः चाळा, कोणावर सोपवू नका. सोनोग्राफी तुमचा विषय नाही म्हणून इथेच दुर्लक्ष होतं. फॉर्म एफवर (गरोदरपणातल्या सोनोग्राफीच्या नोंदीचा फॉर्म) गरोदर बाईची सही किंवा अंगठा नाही, रेफर करणाऱ्या डॉक्टरची चिठ्ठी जोडलेली नाही, तपासणीचं कारण कोरं, अशा त्रुटींना कायदा ‘कारकुनी चूक’ मानत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तीच भूमिका कायम ठेवली. महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत गेला पाहिजे. कचऱ्याचंही तसंच : पिवळी, लाल, पांढरी, निळी अशी विभागणी वॉर्डातच व्हावी, पिशवीवर बारकोड असावा, कचरा ४८ तासांच्या वर आवारात राहू नये आणि वार्षिक अहवाल ३० जूनपर्यंत मंडळाकडे जावा. तुमची पहिली मोठी सही बहुधा याच अहवालावर होईल. स्वच्छतेत पहिला नंबर लावणाऱ्या शहरात कचऱ्याची गाडी रोज दारात येते, त्यामुळे घरगुती कचऱ्यात चुकून गेलेली सलाईनची नळी फार काळ लपतही नाही.

आता अधिकारांचं. तीन अधिकार लेखी मागा. कोणता डॉक्टर कोणती शस्त्रक्रिया किंवा प्रोसिजर करेल, हे ठरवणाऱ्या समितीचं अध्यक्षपद तुमच्याकडे असावं. सुरक्षिततेच्या कारणासाठी ओटी (शस्त्रक्रियागृह) बंद ठेवण्याचा किंवा आयसीयूतल्या नव्या भरती थांबवण्याचा निर्णय कोणालाही न विचारता तुम्हाला घेता यावा. आणि नर्सिंगची संख्या ठरवताना तुमची सही लागावी. तातडीच्या खरेदीची एक मर्यादाही ठरवून घ्या, समजा दोन लाख रुपये, म्हणजे शनिवारी रात्री मॉनिटर बंद पडला तर सोमवारची वाट बघावी लागणार नाही.

नर्सिंगचा मुद्दा मी मुद्दाम धरून बसलोय, कारण सगळ्यात जास्त दगा तिथे होतो आणि तो हिशेबाच्या कागदावर दिसत नाही. दहा खाटांचं आयसीयू घ्या. चार पेशंट व्हेंटिलेटरवर असतील तर त्यांना एकास एक, म्हणजे चार नर्स. उरलेल्या सहांना दोघांमागे एक, म्हणजे तीन. पाळीला सात. अकाउंट्स विभाग सात गुणिले तीन म्हणजे २१ नर्सचा पगार धरतो आणि विषय संपवतो. पण एक नर्स वर्षाचे ३६५ दिवस येत नाही. ५२ साप्ताहिक सुट्या आणि ३० दिवसांच्या रजा वजा केल्या तर २८३ दिवस उरतात. रोजच्या २१ पाळ्या वर्षभर भरायच्या तर २७ नर्स लागतात, त्याही इन्चार्ज सिस्टर सोडून. मधल्या सहा जणींची तूट डबल ड्यूटीनं भरली जाते. मग पहाटे चार वाजता, सोळाव्या तासाला, पोटॅशियमचा इन्फ्युजन पंप चुकीच्या दरानं लागतो. दोष त्या मुलीवर येतो. सरकारी भरतीचा निकाल लागला की एका आठवड्यात चार राजीनामे येतात, तेव्हा तर २१ सुद्धा उरत नाहीत. २७ चा आकडा या हिशेबासकट ट्रस्टींपुढे ठेवा. आणि नर्सिंग सुपरिंटेंडेंट कोणाला रिपोर्ट करणार, तुम्हाला की अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला, हे पहिल्याच दिवशी ठरवा. पगार आणि हजेरी त्यांच्याकडे असू दे, नेमणूक कुठल्या वॉर्डात ते तुमच्याकडे.

ऑक्सिजनची खोली एकदा रात्री दोन वाजता, न कळवता बघून या. जंबो सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर वायू असतो. तुमच्या आयसीयूत दोन पेशंट हाय-फ्लोवर मिनिटाला ५० लिटरनं, चार व्हेंटिलेटरवर १० लिटरनं आणि चार मास्कवर ८ लिटरनं असतील, तर मिनिटाला १७२ लिटर झाले, तासाला १०,३२०. दहा सिलिंडरची एक बँक, म्हणजे एकत्र जोडलेला संच, सात तासांतच रिकामी. दुसरी बँक धरून साडेतेरा तास. पीथमपूरहून किंवा सांवेर रोडवरून गाडी निघून सिलिंडर लागेपर्यंत किती वेळ जातो, ते पुरवठादाराला विचारून त्याच खोलीच्या भिंतीवर लिहून ठेवा. रात्रपाळीच्या मुलाला एवढंच विचारा : आत्ता कुठली बँक चालू आहे, दाब चार बारच्या खाली आला तर तू आधी कोणाला फोन करतोस? तो नंबर शोधायला लागला तर तुमचं पहिलं काम तुम्हाला सापडलं. अलार्मचं पॅनेल पुष्कळ ठिकाणी त्याच बंद खोलीत असतं. तिथे तो वाजून ऐकणार कोण? आयसीयूच्या नर्सिंग स्टेशनवर तोच अलार्म वाजला पाहिजे. नाशिकला २१ एप्रिल २०२१ रोजी टाकीच्या गळतीनं दाब पडला आणि किमान २२ रुग्ण दगावले. मुख्य लाइन गेली तर कोणत्या खाटेपाशी छोटा सिलिंडर कोण नेणार, याची रंगीत तालीम तीन महिन्यांतून एकदा घ्या. हा छोटा, बी-टाइप सिलिंडर मिनिटाला १० लिटरच्या वेगानं अडीच तास चालतो, म्हणजे घाबरून न जाता काम करायला तेवढा वेळ हाताशी आहे.

आगीचं बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. भंडाऱ्याला ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे दहा नवजात बाळं गेली. आपल्याच राज्यात जबलपूरला १ ऑगस्ट २०२२ रोजी एका खासगी रुग्णालयात आठ जण गेले. तुम्ही एप्रिलमध्ये सूत्रं घ्याल, मेमध्ये सगळे एसी पूर्ण भारानं चालतील. मंजूर विद्युत भार किती आणि दुपारी तीनला प्रत्यक्ष किती खेचला जातो, हे इलेक्ट्रिशियनकडून लिहून घ्या. आयसीयूत ऑक्सिजन हवेत मिसळत असतो, तिथे साधी ठिणगीही झपाट्यानं पेटते. म्हणून त्या खोलीत एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. आणि दुसरा जिना? पेशंट बिल न भरता निघून जातात म्हणून त्याच्या दाराला कुलूप लावलेलं असेल, तर ते त्याच दिवशी काढायला लावा. कोणी विरोध केला तर हा तुमच्या लेखी अधिकारातला विषय आहे.

डिस्चार्जकडे लवकर वळा, कारण तिथे बदल पंधरा दिवसांत दिसतो आणि लोकांचा तुमच्यावर विश्वास बसतो. साडेनऊच्या राउंडला तुम्ही ‘आज छुट्टी’ म्हणता. खरगोनहून आलेले म्हातारे आजोबा दहा वाजता कपडे बदलून, पिशवी मांडीवर घेऊन खाटेच्या कडेला बसतात. आरएमओ (निवासी डॉक्टर) सगळा राउंड संपवून बाराला डिस्चार्जची समरी लिहायला घेतो. उरलेली औषधं फार्मसीत परत जाऊन त्याची नोंद व्हायला दोन वाजतात. बिल अडीचला. मग इन्शुरन्सकडे कागद जातात. विमा नियामक इर्डाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत यायला हवी, पण आपणच कागद अडीचला पाठवले तर साडेपाच होणारच. आजोबांची बस गेलेली असते आणि मुलगा काउंटरवर भांडत असतो. यात विमा कंपनीच्या आधी आपलेच पाच तास गेले. दोन आठवडे प्रत्येक डिस्चार्जच्या फाइलवर एक चिठ्ठी लावा आणि चार वेळा लिहा : डॉक्टरनं सांगितलं, समरी झाली, बिल झालं, पेशंट निघाला. त्यातून कळेल अडकतंय कुठे. मग आदल्या संध्याकाळीच ‘उद्या सोडणार’ची यादी काढायची, समरीचा मसुदा रात्रपाळीच्या आरएमओनं करायचा, औषधं रात्री आठला परत पाठवायची. रोजचे आठ डिस्चार्ज पाच तासांनी लवकर झाले तर ४० खाट-तास मोकळे होतात. एकही खाट न वाढवता दीड खाट मिळाली.

सर्जनसाहेबांचा प्रश्न तुम्ही संकोचानं विचारलाय, पण मला तो सगळ्यात रास्त वाटला. त्यांना ‘सर’ म्हणणं सोडू नका. खुर्ची बदलली म्हणून हाक बदलायची नसते. मात्र आकडे सगळ्यांचे मागा आणि सुरुवात मेडिसिनपासून, म्हणजे स्वतःपासून करा. पहिल्या महिन्याच्या मृत्यू-आढावा बैठकीत तुमच्याच पेशंटची केस ठेवा, तीही अशी की जिथे तुम्हाला आज वाटतं की अँटिबायोटिक सहा तास आधी सुरू करायला हवं होतं. दुसऱ्या बैठकीपासून बाकीचे मोकळे बोलतील. बैठकीत नाव नाही, केस नंबर. इतिवृत्तात ‘कोण चुकलं’ नाही, ‘काय बदलायचं, कोणी, कोणत्या तारखेपर्यंत’ एवढंच.

जखमेतल्या संसर्गाचे आकडे काढताना एक फसगत सांभाळा. शस्त्रक्रियेनंतर ३० दिवस आणि इम्प्लांट बसवला असेल तर ९० दिवस पाठपुरावा लागतो. बडवानीच्या पेशंटचे टाके बाराव्या दिवशी उसवतात, तो गावातल्याच डॉक्टरकडे ड्रेसिंग करून घेतो आणि आपल्या रजिस्टरमध्ये संसर्ग शून्य. संसर्ग नियंत्रण नर्सनं तिसाव्या दिवशी प्रत्येकाला फोन केला पाहिजे. त्यातून एखाद्या विभागाचा आकडा मोठा निघाला तर आधी अँटिबायोटिकची वेळ बघा. पहिला डोस चीर देण्याआधीच्या ६० मिनिटांत जायला हवा. पुष्कळदा तो वॉर्डात सकाळी सातला दिला जातो आणि केस दहाला लागते. हा दोष सर्जनचा नाही, व्यवस्थेचा आहे, आणि तो तुम्ही सुधारलात तर सरांच्याच पेशंटना फायदा होतो. हे बोलायला तुम्ही त्यांच्या केबिनमध्ये जा, त्यांना तुमच्या केबिनमध्ये बोलावू नका. नर्ससमोर किंवा नातेवाइकांसमोर तर एक शब्दही नाही. एवढं करूनही त्यांनी शस्त्रक्रियेची सेफ्टी चेकलिस्ट भरायला नकार दिला, तर मात्र तो समितीपुढचा विषय, आणि समितीचं पत्र तिघांच्या सहीनं जाऊ द्या.

तरुण पेशंट अचानक गेला तर पहिल्या अर्ध्या तासात नातेवाइकांशी उपचार करणारा डॉक्टर बोलला पाहिजे, तुम्ही शेजारी बसायचं. बसून बोलायचं, वेगळ्या खोलीत, त्यांना कळेल त्या हिंदीत किंवा निमाडीत. झाबुआकडचे लोक असतील तर भिली कळणारा वॉर्डबॉय सोबत ठेवा. रेकॉर्डची प्रत मागितली तर ती ७२ तासांत द्यावीच लागते. आणि केस पेपरवर मागाहून एक अक्षरही घुसडू देऊ नका. राहिलेली नोंद करायची असेल तर ती आजची तारीख-वेळ घालून, ‘उशिरा केलेली नोंद’ असं लिहूनच. प्रामाणिक चूक न्यायालय समजून घेतं, जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं डॉक्टरांना त्याबाबत संरक्षणही दिलंय. खाडाखोड केलेल्या कागदाला मात्र कोणी वाचवू शकत नाही. तोडफोडीची वेळ आलीच तर राज्याचा २००८ चा डॉक्टर संरक्षण कायदा आहे. पोलिसांकडच्या तक्रारीत त्याचा उल्लेख रुग्णालयाकडून व्हावा, एकट्या ड्यूटी डॉक्टरकडून नको.

ओपीडी सोडू नका, पण सहा दिवस ठेवूही नका. आठवड्यात तीन सकाळी, नऊ ते बारा, वीस-बावीस पेशंट. आयसीयूचा पहिला कॉल आणि नवे रेफरल सहकाऱ्याकडे द्या. सहाही दिवस ओपीडी चालवणारे डायरेक्टर दोन पेशंटच्या मध्ये फाइली उरकतात किंवा रात्री दहाला न वाचता सह्या करतात. पगार मात्र दोन भागांत मागा : प्रशासनाचा ठरावीक, ओपीडीचा शेअर वेगळा. सगळी कमाई शेअरवर राहिली तर राउंड आणि बैठकी आपोआप मागे पडतात. जुने मधुमेहाचे, हृदयाचे पेशंट दुसऱ्या डॉक्टरकडे सोपवताना एक भेट दोघांनी मिळून घ्या. दहा वर्षं तुमच्याकडे येणाऱ्या आजींना पाटीवरून कळू नये की मॅडम आता बसत नाहीत.

पदवी आधी हवीच असं नाही. इग्नूचा हॉस्पिटल आणि हेल्थ मॅनेजमेंटचा पीजी डिप्लोमा नोकरी करता करता होतो, दुसऱ्या वर्षी घ्या. एनएबीएचच्या (रुग्णालयांना गुणवत्तेची मान्यता देणाऱ्या मंडळाच्या) मानकांचं छोटं प्रशिक्षण मात्र पहिल्या सहा महिन्यांतच करा. तोवर अकाउंटंटकडून दरमहा चार आकडे मागा : खाटांचा वापर, सरासरी मुक्काम, मुदत संपत आलेली औषधं आणि आयुष्मानचे नाकारलेले क्लेम, कारणासकट. १२० खाटा गुणिले ३० म्हणजे ३,६०० खाट-दिवस, त्यातले २,७०० भरलेले तर वापर ७५ टक्के. आयुष्मानचा क्लेम अडकला असेल तर आधी ओटी नोट आणि तपासण्यांचे रिपोर्ट फाइलला जोडलेत का ते बघा. उपचार ठीक असूनही अपुऱ्या कागदापायी पैसे अडकून राहतात.

तुमची पहिली मोठी परीक्षा बहुधा अनंत चतुर्दशीच्या रात्री होईल. झाँक्यांसाठी, म्हणजे चित्ररथांच्या मिरवणुकीसाठी, राजवाड्याकडचे रस्ते बंद असतात. त्या रात्रीची टीम संध्याकाळी सहालाच आवारात हवी, आणि अँब्युलन्सचा वळणाचा रस्ता ड्रायव्हरला दिवसा दाखवलेला हवा.

आता काकांशी बोलायचं. घरी, चहावर नको. ट्रस्टच्या ऑफिसात जा आणि म्हणा, ‘काका, आपलं बोलणं झालंच आहे, ते फक्त ठरावात येऊ द्या.’ ट्रस्ट चालवणाऱ्या माणसाला ठरावाचं वाईट वाटत नाही, त्यांचं सगळं कामच इतिवृत्ताच्या वहीवर चालतं. तुमची नेहमीची इंडेम्निटी पॉलिसी तुमच्या पेशंटपुरती असते, प्रशासकीय जबाबदारीसाठी ट्रस्टनं वेगळं विमा संरक्षण घ्यावं, हेही त्याच कागदात आणा. मसुदा असा चालेल :

‘डॉ. – यांची १ एप्रिलपासून तीन वर्षांसाठी मेडिकल डायरेक्टर म्हणून नेमणूक करण्यात येत आहे. वैद्यकीय अधिकार समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे राहील. रुग्णसुरक्षेच्या कारणास्तव शस्त्रक्रियागृह बंद ठेवणं किंवा नव्या भरती थांबवणं यासाठी त्यांना पूर्वपरवानगी लागणार नाही. नर्सिंगची मंजूर संख्या त्यांच्या लेखी संमतीशिवाय कमी केली जाणार नाही. दोन लाख रुपयांपर्यंतची तातडीची खरेदी त्या करू शकतील. पदाच्या कामातून उद्भवणाऱ्या दाव्यांचा खर्च आणि विमा ट्रस्ट करेल. सर्व परवान्यांची अद्ययावत यादी नेमणुकीपूर्वी त्यांना मूळ प्रतींसह दाखवण्यात येईल.’